बाळ कुठून येतं? खरं सांगू या

संपादकीय

शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी तिसरीत आहे. वाचन नुकतंच पक्कं झाल्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची हा सध्या तिचा छंद आहे. फौंड्रीची पाटी, हायवेवरचे बोर्ड, रिक्षाच्या मागची ओळ, काही म्हणून सुटत नाही. तिची अम्मी गरोदर आहे. मागच्या महिन्यात सोनोग्राफीसाठी तिघं कोल्हापुरात गेले. नंबर यायला वेळ होता. भिंतीवर कायद्याने लावावी लागते ती पाटी होती, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, असं सांगणारी. मुलीने ती खणखणीत आवाजात वाचली आणि विचारलं, "अब्बा, गर्भलिंग म्हणजे काय?"

आमचा मित्र सांगत होता, बाकावर बसलेल्या सगळ्यांनी एकदम मोबाईलमध्ये माना घातल्या. तो म्हणाला, "ते मोठ्यांचं असतं." मुलगी म्हणाली, "लिंग मोठ्यांचं कुठं असतंय? बाईंनी आम्हाला लिंग बदला शिकवलंय. मुलगा-मुलगी, बैल-गाय." मग स्वतःच विचार करून तिने पुढचा प्रश्न टाकला, "गर्भ म्हणजे पोटातलं बाळ का? मग ते पोटात गेलं कसं?"

तेवढ्यात नंबर आला आणि अब्बांची सुटका झाली.

आमच्या बैठकीत त्याने हा किस्सा सांगितला तेव्हा सगळे पोट धरून हसलो. मग दुसऱ्या एका साथीने त्याच्या नात्यातल्या एका घरातली गोष्ट सांगितली आणि हसू थांबलं.

त्या घरात पाच वर्षांचा मुलगा. अम्मीचं पोट वाढताना दिसत होतं. त्याने विचारलं तेव्हा दादीने सांगितलं, "दवाखान्यातून बाळ आणायचंय आपल्याला, पैसे देऊन." आपल्याकडे सगळेच असं काहीतरी सांगतात. कुणी म्हणतं अल्लामियाँने पाठवलं, कुणी म्हणतं बोहारणीकडून भांड्यावर घेतलं, कुणी म्हणतं कोंड्यावर घेतलं. आठव्या महिन्यात पोटातलं बाळ दगावलं. अम्मी चार दिवसांनी रिकाम्या हाताने घरी आली. घरात रडारड. मुलाला कुणी काही सांगितलं नाही, लहान आहे, त्याला काय कळतंय म्हणून. दोन-तीन दिवसांनी तो त्याची लहान सायकल ओढत अब्बांसमोर घेऊन आला. ही सायकल महिन्याभरापूर्वीच घेतली होती. म्हणाला, "ही परत देऊ या. मग बाळाला पैसे पुरतील."

पाच वर्षांचं ते लेकरू मनात हिशेब करत बसलं होतं की आपल्या सायकलीमुळे बाळ आलं नाही. त्याला कुणी खोटं सांगून दुखवायचं ठरवलं नव्हतं. दादीने प्रेमानेच सांगितलं होतं. पण खोट्याला पुढे काय फांदी फुटेल हे सांगणाऱ्याच्या हातात राहत नाही. मूल आपल्या वाक्यावर विश्वास ठेवतं, त्यावर आणखी विचार करतं आणि त्या विचारात एकटं पडतं. म्हणून या अंकात हा विषय घ्यायचा ठरवलं.

प्रश्नात घाण नसते

तीन-चार वर्षांचं मूल "बाळ कुठून येतं?" विचारतं तेव्हा ते "पाऊस कुठून येतो?" इतक्याच कुतूहलाने विचारतं. त्याच्या प्रश्नात लैंगिक काही नसतं. ते असतं आपल्या डोक्यात. आपण दचकतो, ओरडतो किंवा विषय बदलतो, आणि त्या क्षणी मुलाला एक धडा मिळतो. बाळाबद्दल त्याला काही कळत नाही, पण हे मात्र पक्कं कळतं की शरीराबद्दल घरात विचारायचं नाही. हा धडा ते विसरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा धडा गिरवलेला आहे. आठवून बघा. पहिली पाळी आली तेव्हा आपल्याला काहीतरी भयंकर आजार झाला असं किती मुलींना वाटलं होतं? रात्री कपडे ओले झाले म्हणून किती मुलांनी ते लपवून धुतले? कितीजणांना खरी माहिती शाळेमागच्या मैदानात, शिवीच्या भाषेत मिळाली? आपल्या आई-वडिलांना दोष देण्यासाठी हे विचारत नाही. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. पण हे पुढच्या पिढीपर्यंत न्यायचं का, हे आता आपण ठरवू शकतो.

आणि आज तर मैदानाचीही गरज उरलेली नाही. शिरोली, नागाव, टोप या पट्ट्यात एका खोलीत चार-पाच माणसांचं कुटुंब राहतं. अब्बा फर्स्ट शिफ्टला, चाचा थर्डला. घरातला मोबाईल दुपारी मुलाच्या हातात असतो. आपण उत्तर दिलं नाही तर तो देतो. तो वय बघत नाही आणि थांबतही नाही.

यात महाराष्ट्राचा जुना वाद आहे

आपल्याला वाटतं ही चर्चा नवी आहे, बाहेरून आली आहे. तसं नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं. १९५३ साली त्यांचं निधन होईपर्यंत ते चालवलं. लोक त्यांना पत्रं लिहून शरीराबद्दल, लैंगिक जीवनाबद्दल प्रश्न विचारत आणि ते मासिकात उत्तरं देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कशावरून? तर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली यावरून. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांनी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही का, आणि एखाद्याच्या मनात विकृती असलीच तर ती ज्ञानाशिवाय दुसऱ्या कशाने जाणार, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

त्या खटल्यानंतर ७३ वर्षांनी, २००७ साली, शाळांमधल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून पुन्हा गदारोळ झाला आणि ज्या राज्यांनी तो थांबवला त्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यात बोलले होते. त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे आणि मुली यांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

एका हाताने आपण माहितीचं दार लावत होतो आणि दुसऱ्या हातात ही आकडेवारी होती.

न सांगण्याचं एक कारण भीती आहे, पण दुसरं साधं कारण असं की सांगायला शब्दच नसतात. बोट, नाक, कान यांची नावं आपण वर्षाच्या मुलाला शिकवतो. शिश्न आणि योनी या अवयवांना मात्र घरात नाव नसतं. एकतर 'शूची जागा' म्हणायचं, नाहीतर शिवी. ज्या अवयवाला नाव नाही त्याला काही झालं तर चार वर्षांचं मूल सांगणार कसं? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण उघड झालं. बालवाडीच्या वयाच्या मुली होत्या त्या. त्या मुली घरी बोलल्या आणि घरच्यांनी ऐकून घेतलं, म्हणून ते बाहेर आलं. मूल बोलतं तेव्हा आपण ऐकतो, हा विश्वास एका दिवसात तयार होत नाही. तो अशाच "बाळ कुठून येतं?"च्या उत्तरांमधून तयार होतो. जे घर या प्रश्नावर चिडत नाही, त्या घरात मूल उद्या दुसरी, अवघड गोष्टही सांगू शकतं.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला संरक्षण दिलं आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करण्याची गरज सांगितली. पण कायदा, क्रमांक आणि न्यायालय घराच्या दाराबाहेर उभे आहेत. आतून कडी काढायची आहे ती आपल्याला.

"पण आपल्यात असं बोलत नाहीत"

हा विषय काढला की हमखास ऐकू येणारं वाक्य. हयेचा, लाजेचा मुद्दा पुढे येतो. तो मुद्दा उडवून लावू नये. हया ही आपल्या संस्कारातली मोलाची गोष्ट आहे. पण हया म्हणजे अज्ञान, असं आपल्याला कुणी शिकवलं?

मक्तबमध्ये जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाला सूरह अल-अलक पाठ असते. त्या सूरहच्या सुरुवातीच्या आयती म्हणजे पैगंबरांवर उतरलेली पहिली वही, असं आपण मानतो. त्यात वाचण्याची आज्ञा आहे आणि लगेच पुढच्या आयतीत माणूस कशापासून घडला याचा उल्लेख आहे, अलकपासून, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेल्या गोळ्यापासून. म्हणजे वाचनाची आज्ञा आणि गर्भाची गोष्ट एका दमात आली आहे. आपण मात्र सात वर्षांच्या मुलाकडून ती आयत घोकून घेतो आणि त्याने अर्थ विचारला की गप्प बसवतो.

सूरह अल-मुमिनूनमध्ये थेंबापासून गोळा, गोळ्यापासून मांस, मग हाडं असा गर्भाचा प्रवास आहे. सूरह लुकमानमध्ये आईने थकव्यावर थकवा सोसून मुलाला पोटात वागवल्याचा उल्लेख आहे आणि ते आई-वडिलांचे उपकार मानण्याच्या संदर्भात आहे. सूरह मरियममध्ये तर प्रसूतीच्या कळाच आहेत. खजुराच्या झाडाला टेकलेली एकटी बाई, वेदनेने मरण बरं म्हणणारी, आणि मग तिला मिळालेला धीर, पाणी आणि ताजा खजूर. इतक्या सन्मानाने हे सांगितलं आहे. यातून विज्ञान काढून दाखवण्याचा आमचा हेतू नाही. भ्रूणशास्त्र शिकायला भ्रूणशास्त्राचं पुस्तक वाचावं. मुद्दा एवढाच की जो ग्रंथ आपण डोक्याला लावतो त्याला गर्भ, गर्भाशय, कळा, दूध पाजणं या शब्दांची लाज वाटलेली नाही.

हदीसमध्ये उम्मे सुलैम यांचा प्रसंग सगळ्यांना माहीत असायला हवा. त्यांनी पैगंबरांना स्त्रीच्या स्वप्नदोषाबद्दल आणि गुस्लबद्दल विचारलं. सत्याच्या बाबतीत अल्लाह लाजत नाही, असं म्हणून विचारलं आणि पैगंबरांनी सरळ उत्तर दिलं. हजरत आयेशा यांनी अन्सारी स्त्रियांचं कौतुक केलं आहे ते याच कारणासाठी, की लाजेने त्यांना दीन समजून घेण्यापासून रोखलं नाही.

मुलांच्या बाबतीत सूरह अन-नूरमध्ये आणखी एक सूचना आहे. फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर अशा तीन वेळांना लहान मुलांनीही परवानगी घेऊनच आत यावं. म्हणजे मोठ्यांना खासगी आयुष्य असतं, शरीराला पडदा असतो, हे लहान मुलाला समजावून सांगायचं आहे, हे तिथे गृहीत धरलं आहे. दार वाजवायला शिकवायचं तर का वाजवायचं तेही वयाप्रमाणे सांगावंच लागतं. आपलं शरीर आपलं आहे आणि दुसऱ्याचं शरीर दुसऱ्याचं आहे, हा धडा तिथून सुरू होतो. आमच्या मते हया हीच.

आणि एक शब्द. 'रहम' म्हणजे दया आणि 'रहिम' म्हणजे गर्भाशय. दोन्ही एकाच धातूपासून आले आहेत. अर-रहमान, अर-रहीमही त्याच धातूतून. बिस्मिल्लाह म्हणताना आपण रोज ज्या शब्दाच्या जवळून जातो त्याच शब्दाच्या घरातलं नाव अम्मीच्या पोटातल्या पिशवीला आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून बघा. त्याला ते आयुष्यभर लक्षात राहील.

मग सांगायचं काय?

आधी विचारायचं, "तुला काय वाटतं?" मूल नेमकं काय विचारतंय हे त्याने कळतं आणि आपल्यालाही दम घ्यायला वेळ मिळतो. मग जेवढं विचारलं तेवढंच, थोडक्यात आणि खरं सांगायचं. मुलाचं समाधान झालं की ते स्वतःच उठून खेळायला जातं. नाही झालं तर पुढचा प्रश्न विचारतं. मोजमाप त्याच्याकडे असतं.

तीन-चार वर्षांच्या मुलाला: "अम्मीच्या पोटात बाळासाठी एक वेगळी पिशवी असते. तिला गर्भाशय म्हणतात. बाळ तिथे वाढतं." वेगळी पिशवी हे आवर्जून सांगायचं. कारण जेवण आणि बाळ एकाच पोटात असतं असं मुलांना वाटतं, आणि मग बाळावर भात पडतो का, अम्मीने बाळ गिळलं का, असे प्रश्न त्यांना सतावतात. बाळ जेवतं कसं? "नाळेतून. तुझी बेंबी आहे ना, तिथे तुझी नाळ होती." बेंबी दाखवली की मुलं खूश होतात, हा आमचा अनुभव आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न असतो, बाहेर कसं येतं? "अम्मीच्या दोन पायांच्या मध्ये बाळाला बाहेर यायची एक वाट असते, तिला योनी म्हणतात. ती शूची जागा नव्हे, वेगळी असते. गर्भाशय बाळाला हळूहळू बाहेर ढकलतं. कधी ते जमत नाही, तेव्हा डॉक्टर अम्मीला दुखू नये म्हणून औषध देतात आणि पोटावर छेद घेऊन बाळ काढतात. मग शिवून टाकतात." ज्या मुलांचा जन्म सिझेरियनने झाला आहे त्यांना अम्मीने व्रण दाखवून त्यांच्या जन्माच्या दिवसाची गोष्ट सांगावी. कुठला दवाखाना, पाऊस होता की ऊन, कानात अजान कुणी दिली. यापेक्षा आवडती गोष्ट मुलाला दुसरी नसते.

सात-आठ वर्षांचं मूल विचारतं, आत गेलं कसं? आमच्या मित्राच्या मुलीने विचारला तोच प्रश्न. "बाळ तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. अम्मीच्या शरीरात अगदी बारीक बीज असतं, टाचणीच्या टोकाएवढंही नाही. अब्बांच्या शरीरातही बीज असतं, ते तर डोळ्यांना दिसतच नाही. ती दोन एकत्र आली की बाळ वाढायला लागतं. नऊ महिने लागतात." बहुतेक मुलं इथे थांबतात. एखादं पुढे विचारेल, एकत्र येतात कशी? तेव्हाही खोटं नको. "लग्न झालेल्या मोठ्या माणसांच्या प्रेमाचा तो भाग असतो. ती दोघं अगदी जवळ येतात, तेव्हा अब्बांच्या शिश्नातून ते बीज अम्मीच्या योनीतून आत जातं. ही फक्त मोठ्यांची गोष्ट आहे. कुठल्याही मोठ्या माणसाने लहान मुलाशी तसं वागायचं नसतं. कुणी वागलं, तर चूक त्याची असते आणि तू लगेच मला सांगायचं." कितव्या वर्षी इथपर्यंत जायचं हे मुलाकडे बघून ठरवा. पण नऊ-दहाव्या वर्षापर्यंत पाळीबद्दल मुलींना आणि मुलांनाही सांगून झालेलं असावं. पाळी आल्यावर सांगणं म्हणजे उशीर.

युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शनातही पहिला टप्पा पाच ते आठ वर्षांचाच आहे आणि त्यात शरीराची नावं, खासगीपणा, बाळ कुठून येतं याच साध्या गोष्टी आहेत. लैंगिक शिक्षण म्हटलं की ज्या चित्रांची भीती वाटते ती तिथे नाहीत.

उत्तर येत नसेल तर "मला नीट माहीत नाही, विचारून उद्या सांगतो" हेही चांगलं उत्तर आहे. फक्त उद्या सांगायला विसरायचं नाही.

आणि दगावलेल्या बाळाबद्दल? तेही सांगायचं. "बाळ पोटातच वाढायचं थांबलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तुझ्यामुळे काही झालेलं नाही, अम्मीमुळेही नाही. आपण सगळे दुःखी आहोत, तू पण रडलास तर चालेल." सायकल ओढत आणणाऱ्या त्या मुलाला शेवटी त्याच्या खालाने हे सांगितलं. खाला एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. घरातल्या कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं. तो तिच्या मांडीवर बराच वेळ रडला आणि मग सायकल घेऊन बाहेर गेला.

कोल्हापूरला हे विसरून चालणार नाही

आता पुन्हा त्या पाटीकडे. तिसरीतल्या मुलीने वाचलेली ती पाटी का लावावी लागते? २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे फक्त ८३९ मुली होत्या, तेव्हा राज्याचं प्रमाण ९१३ होतं. २००९ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' जोडून लक्ष ठेवण्याचा प्रयोग जिल्ह्यात झाला. २०११ मध्ये जिल्ह्याचं प्रमाण ८६३ वर आलं. सुधारलं, पण ८६३ हा काही मान वर करून सांगायचा आकडा नव्हे.

हा प्रश्न आपला नाही असं समजून कुणी मुसलमानाने हात झटकू नयेत. मुलगी झाली की तोंड काळवंडणाऱ्या बापावर कुराणात टीका आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला कुठल्या गुन्ह्यासाठी मारलं असं विचारलं जाईल, अशीही आयत आहे. तरी आपल्या गल्लीत तिसरी मुलगी झाल्यावर सुनेला ऐकवणाऱ्या सासवा आहेत की नाहीत? मुलगा होणार की मुलगी हे आईवर ठरत नाही. अब्बांकडून येणाऱ्या बीजात एक्स गुणसूत्र आहे की वाय, त्यावर ठरतं. शाळेच्या विज्ञानात हे सगळ्यांनी शिकलेलं असतं. पण लहानपणी घरात ज्याला "बाळ कुठून येतं" हे कुणी धड सांगितलं नाही, तो मोठेपणी पुस्तकातलं हे वाक्य परीक्षेपुरतं लिहितो आणि घरी बायकोला दोष देतो. म्हणूनच त्या आठ वर्षांच्या मुलीला पाटीचा अर्थ सांगायला हवा. "पोटातलं बाळ मुलगा आहे की मुलगी हे बघायला इथे मनाई आहे. कारण काही लोक मुलगी आहे कळल्यावर तिला जन्मालाच येऊ देत नव्हते. म्हणून सरकारने कायदा केला." मूल यावर नक्की विचारेल, "का? मुलगी नको का होती?" त्या प्रश्नापुढे मोठ्यांनी मान खाली घालायला हवी. पण उत्तर टाळायला नको.

तुमच्याकडून अपेक्षा

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांची लग्नं व्हायची आहेत. तुम्हाला वाटेल आमचा काय संबंध? संबंध तुमचाच आहे. घरातलं मूल अम्मी-अब्बांना विचारायला घाबरतं तेव्हा मामू, चाचा, खाला, आपा यांना विचारतं. त्या खालाचं वय बघा. तुम्ही शिकलेले आहात, मराठी आणि उर्दू दोन्हीकडचे शब्द तुमच्याजवळ आहेत. दादीला न दुखवता मुलाला खरं सांगण्याचं कसब तुमच्याकडेच असू शकतं.

मुलग्यांनी विशेष लक्ष द्यावं. आजवर हे काम अम्मीवर आणि दादीवर टाकून आपण शिफ्टचं कारण सांगत आलो. अब्बांनी उत्तर दिलं तर मुलाला कळतं की हा काही बायकांचा चोरटा विषय नाही.

आम्ही आमच्याकडून एक करणार आहोत. येत्या महिन्यापासून शिरोलीत दर महिन्याच्या एका रविवारी पालकांसोबत बसायचं, अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना बोलवायचं, मक्तबच्या उस्तादांनाही विनंती करायची. भाषण ठेवायचं नाही. मुलांनी विचारलेले प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणायचे आणि उत्तर मिळून शोधायचं. तुमच्या गावात, मोहल्ल्यात असं काही सुरू करता आलं तर आम्हाला कळवा. मुलांचे प्रश्नही पाठवा, नाव न लिहिता. निवडक प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांकडून घेऊन मराठी आणि हिंदीत छापू.

जाता जाता, त्या पाटीवाल्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. बैठक संपवून आमचा मित्र रात्री घरी गेला. मुलगी जागी होती. तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "त्या दिवशी तू मला एक विचारलं होतंस, मी सांगितलं नाही. आता सांगू?" ती म्हणाली, "अम्मीने सांगितलं मला. पिशवी, बीज, सगळं. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

तो म्हणाला, माहीत होतं, सांगायची लाज वाटली. मुलीने थोडा विचार केला आणि विचारलं, "मग बाळाची नाळ कोण कापणार?"

हे उत्तर मात्र त्याला खरंच माहीत नव्हतं. उद्या डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाला. विचारून सांगितलंही.